जुन्या गाडीचा कार्बोरेटर: मराठवाड्यातल्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

कास्ट आयर्न बुलेट, येझदी, राजदूत, आरएक्स १००, सीडी १०० यांपैकी एखादी गाडी दारात उभी असेल आणि ती कधी धापत असेल, कधी सायलेन्सरमधून फटके मारत असेल, कधी सकाळी सुरूच होत नसेल, तर हे पान तुमच्यासाठी आहे. दोन गोष्टी मी आधीच सांगून ठेवतो. कार्बोरेटरवर (थोडक्यात कार्ब, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) आळ येणाऱ्या कितीतरी गाड्यांमध्ये दोष दुसरीकडेच असतो. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. स्क्रू, क्लिप, जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक छिद्राचा पितळी तुकडा) तिन्ही एकाच दुपारी बदलले, तर गाडी कशाने सुधारली किंवा कशाने बिघडली हे कोणालाच सांगता येत नाही.

गाडी नीट चालत नाही. कार्बोरेटर खोलू का?

लगेच नको. आधी टाकीचं झाकण बघा. झाकणाला हवा आत जाण्यासाठी बारीक छिद्र असतं. आपल्याकडच्या धुळीने किंवा गंजाने ते बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरत नाही. अशी गाडी दोन-चार किलोमीटर छान पळते, मग दम सोडते, आणि थोडा वेळ उभी राहिली की पुन्हा सुरू होते. गाडी बंद पडल्याबरोबर झाकण उघडा. ‘सुस्’ असा आवाज आला तर रोग सापडला. या एका छिद्रापायी नवा कार्ब विकत घेतलेले लोक मी पाहिले आहेत.

मग पेट्रोल कॉक, म्हणजे टाकीखालची तोटी. कार्बकडची नळी काढून तिचं तोंड काचेच्या बाटलीत धरा आणि कॉक उघडा. धार सलग पडली पाहिजे. थेंब थेंब पडत असेल तर कॉकच्या जाळीत गाळ बसलाय. बाटलीतलं पेट्रोल उजेडात धरून बघा. तळाला तांबूस कण किंवा पाण्याचे गोळे दिसले तर टाकी साफ केल्याशिवाय कार्ब साफ करण्यात काही अर्थ नाही, आठ दिवसांत तो पुन्हा तुंबणार.

पुढे एअर फिल्टर, प्लग, आणि पॉइंटवाल्या गाडीत पॉइंटचं (ठिणगी पाडणाऱ्या उघडझाप करणाऱ्या टोकांचं) अंतर. बुलेट ३५० ला हे अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर लागतं. हे अंतर मोजायचा पातळ पट्ट्यांचा फीलर गेज स्वस्त मिळतो, तो घरात हवाच. टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे गेलेली गाडी अगदी चुकलेल्या कार्बसारखीच वागते: ओढत नाही, तापते, पेट्रोल खाते. फोर-स्ट्रोक असेल तर टॅपेटही (व्हॉल्व्हची फट) बघून घ्या. हे सगळं ठीक निघालं, तरच कार्बकडे वळा.

रिच आणि लीन कसं ओळखायचं?

पेट्रोल गरजेपेक्षा जास्त म्हणजे रिच, कमी म्हणजे लीन. रिच गाडी काळा धूर सोडते, प्लग काजळतो, गरम झाल्यावर जास्त घुटमळते आणि एअर फिल्टर काढला की उलट बरी चालते. लीन गाडी अर्धा चोक (मिश्रण रिच करणारा खटका) ओढल्यावर सुधारते, रेस सोडल्यावर सायलेन्सरमधून फुटते, इंजिन लवकर तापतं आणि एक्सलेटर सोडला तरी रेस खाली यायला वेळ लावते.

चोकची परीक्षा सगळ्यात सोपी. चालत्या गाडीत दोष जाणवत असताना चोक थोडा ओढा. गाडी सुधारली तर ती लीन होती, आणखी गुदमरली तर रिच.

जेट, नीडल, स्क्रू, स्लाइड... नेमकं कशाला हात लावायचा?

सगळ्यात कामाचा प्रश्न हाच आहे. त्याचं उत्तर एक्सलेटर किती उघडल्यावर त्रास होतो यावर ठरतं. वेगाचा किंवा गिअरचा यात संबंध नाही. साठच्या वेगाने जातानाही एक्सलेटरची मूठ फक्त पाव फिरलेली असू शकते.

हँडलच्या रबरी मुठीवर आणि शेजारच्या स्थिर भागावर कागदी चिकटपट्टी लावा. बंद, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण अशा खुणा पेनाने करा. मग मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवून त्रास कुठल्या खुणेवर येतो ते टिपून ठेवा.

बंद ते साधारण एक अष्टमांश उघडेपर्यंत राज्य पायलट जेट (कमी उघडीवर पेट्रोल देणारा छोटा जेट) आणि त्याच्या स्क्रूचं असतं. तिथपासून पावपर्यंत स्लाइडच्या (एक्सलेटर दिला की वर उचलला जाणारा पडदा) खालच्या तिरक्या कापाचा प्रभाव असतो. पाव ते पाऊण हा नीडलचा (स्लाइडला लटकलेल्या निमुळत्या सुईचा) प्रांत, आणि रोजच्या चालवण्यातला बहुतेक वेळ गाडी इथेच असते. पाऊण ते पूर्ण मेन जेटचं काम. हे टप्पे एकमेकांत थोडे मिसळतात, पण दोष शोधायला एवढी वाटणी पुरते.

म्हणून ‘स्लो नीट बसत नाही, मेन जेट बदला’ असा सल्ला कोणी दिला तर मानू नका. स्लोवर, म्हणजे एक्सलेटर न देता इंजिन हळू चालतं तेव्हा, मेन जेटचा काहीही परिणाम होत नाही. आणि शहरात फिरणाऱ्या गाडीचं मायलेज वाढावं म्हणून मेन जेट बारीक करणं तर घातक आहे. शहरात त्याने फरक पडत नाही, पण सोलापूर हायवेवर पूर्ण एक्सलेटरवर इंजिन लीन होऊन तापतं आणि पिस्टन पकडतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो.

स्लो कसा सेट करायचा?

गाडी थंड असताना कधीच नाही. दहा-पंधरा मिनिटं चालवून आणा, मग मेन स्टँडवर लावा. एक्सलेटर केबलला थोडी ढील आहे ना बघा, कारण केबल ताणलेली असेल तर तुम्ही स्क्रू नव्हे, केबल सेट करत बसाल. हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवल्यावर रेस बदलली तर आधी केबल नीट करा.

कार्बला बाहेरून दोन स्क्रू दिसतात. एक स्लाइडला उचलून धरतो, तो रेसचा. दुसरा मिश्रणाचा. मिश्रणाचा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा कमी-जास्त करतो: आत घेतला की रिच, बाहेर काढला की लीन. तो इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोल कमी-जास्त करतो आणि सगळं उलटं होतं: बाहेर काढला की रिच. बुलेटच्या मिककार्ब व्हीएम २४ ला आणि आरएक्सच्या व्हीएम जातीच्या मिकुनीला हवेचा स्क्रू आहे. तुमच्या कार्बचा कुठल्या बाजूला आहे ते हात लावण्याआधी बघा.

स्क्रू हलकेच आत पूर्ण बसवा. जोर लावला की त्याचं टोक किंवा त्याची बैठक खराब होते आणि मग तो कार्ब आयुष्यभर त्रास देतो. तिथून दीड फेरा बाहेर काढा. गाडी सुरू करून रेस जरा चढती ठेवा. आता मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत जा, प्रत्येक वेळी चार-पाच सेकंद थांबून ऐका. एका बाजूला रेस पडेल, दुसऱ्या बाजूलाही पडेल. मधे जिथे ती सगळ्यात चढी आणि सलग ऐकू येते, तिथे थांबा. मग रेसच्या स्क्रूने स्लो खाली आणा आणि मिश्रण पुन्हा एकदा तपासा.

हवेचा स्क्रू जवळजवळ बंद केल्यावरच गाडी बरी चालत असेल, तर पायलट जेट तुंबलाय किंवा छोटा आहे. तीन फेरे बाहेर काढल्यावर बरी चालत असेल, तर पायलट जेट मोठा आहे.

नीडलची क्लिप वर की खाली?

नीडलच्या वरच्या टोकाच्या खाचेत क्लिप बसते. ती खाली सरकवली की नीडल वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. क्लिप वर, पेट्रोल कमी. बहुतेक नीडलना पाच खाचा असतात. एकदा एकच खाच हलवा आणि दोन दिवस चालवून बघा.

प्लगच्या रंगावर किती भरवसा ठेवायचा?

जुने मिस्त्री ‘प्लग बिस्किटाच्या रंगाचा हवा’ म्हणतात, आणि त्यांच्या काळात ते तंतोतंत खरं होतं. पण २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं, नंतर त्यात इथेनॉल मिसळायला लागले. आता रंग फिका पडतो आणि नीट चाललेल्या गाडीचा प्लगही कधी पांढुरका दिसतो. म्हणून चिनीमातीच्या मुळाशी, अगदी आत, बारीक तपकिरी कडं दिसतं का ते बघा. काजळी ओली आणि काळी असेल तर रिच किंवा ऑइल. चिनीमाती चुन्यासारखी पांढरी आणि तिच्यावर बारीक चमकते दाणे असतील तर गाडी चालवणं थांबवा.

वाचायची रीतही महत्त्वाची आहे. चौकात दहा मिनिटं स्लोवर उभ्या गाडीचा प्लग काढून मेन जेटचा निवाडा करता येत नाही. ज्या उघडीवर तपासायचंय, त्याच उघडीवर थोडं अंतर गाडी चालवा, क्लच दाबून इंजिन तिथेच बंद करा, मग प्लग काढा. हे रिकाम्या सरळ रस्त्यावरच करा.

उभ्या गाडीतून पेट्रोल टपकतं. काय बिघडलं?

कार्बच्या खालच्या वाटीत, म्हणजे बाउलमध्ये, फ्लोट तरंगतो आणि पातळी भरली की सुईने पेट्रोल बंद करतो. ती फ्लोटची सुई नीट बसत नाही. बहुतेक वेळा बैठकीत कचरा अडकलेला असतो. पेट्रोल बंद करून, बाउलच्या बाजूला स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलके दोन ठोके द्या, कधी तेवढ्यावर थांबतं. नाही थांबलं तर बाउल उतरवा. सुईच्या टोकाला गोल खळगा पडला असेल तर सुई आणि बैठक जोडीने बदला. पितळी फ्लोट असेल तर कानाजवळ धरून हलवा. आत पेट्रोल डुचमळलं तर त्याला भोक आहे.

टपकणाऱ्या गाडीला किक मारू नका. खाली पेट्रोल साचलेलं असताना एक ठिणगी पुरे. कॉक बंद, गाडी मोकळ्या हवेत, आसपास बिडी-सिगारेट नाही, आणि हे काम स्वयंपाकघराला लागून असलेल्या ओसरीत तर नाहीच नाही.

घरी साफ करताना काय जपायचं?

जेटमध्ये तार घालू नका. सुई नको, केरसुणीची काडी नको, क्लच केबलचा तंतूही नको. जेट पितळी असतो, मऊ असतो. त्याचं छिद्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या हिशोबाने पाडलेलं असतं. तारेने ते रुंदावलं की जेटवरचा आकडा खोटा ठरतो आणि पुढचं ट्युनिंग कायमचं गंडतं. छिद्र मोकळं करायला कार्ब क्लीनरचा फवारा वापरा, थोडा वेळ भिजू द्या, मग हवा मारा. पंक्चरवाल्याकडच्या कंप्रेसरची हवा चालते, पण फ्लोट, सुई आणि रबरी वस्तू आधी काढून ठेवा, आणि डोळ्यांवर चष्मा लावा.

जेट उजेडाकडे धरून बघा. छिद्र पूर्ण गोल दिसलं पाहिजे. पायलट जेटचं छिद्र केसाएवढं असतं, त्यातून नुसता उजेड दिसणं पुरेसं नाही. आणखी एक, बॉडीतले बारीक मार्ग विसरू नका. हवेच्या स्क्रूच्या भोकातून फवारा मारला की तो कार्बच्या घशातल्या (हवा जाण्याच्या मधल्या वाटेतल्या) बारीक छिद्रातून बाहेर आला पाहिजे.

जपानी कार्बच्या स्क्रूंची डोकी साध्या चौफुली स्क्रू ड्रायव्हरने सहज खराब होतात. जपानी मापाचा मिळाला तर घ्या, नाहीतर बरोबर मापाचा घेऊन दाबून फिरवा. जेट काढायला त्याच्या खाचेत घट्ट बसणारा चपटाच हवा.

इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या गाडीला त्रास होतो का?

होतो, पण जेवढी भीती आहे तेवढा नाही. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. वीस टक्क्यांच्या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे जुन्या जेटवर तीच गाडी थोडी लीन होते. ज्या गाडीला क्लिपची एक खाच खाली आणि पायलटला थोडं जास्त पेट्रोल दिल्यावर आराम पडतो, तिची तक्रार इथून आलेली असते. आधी स्क्रू, मग क्लिप, आणि पूर्ण एक्सलेटरवर लीनची खूण दिसली तरच मेन जेट एक आकडा मोठा.

दुसरा भाग रबराचा. जुन्या नळ्या, कॉकमधले बूच आणि ओ-रिंगा फुगतात, कडक होतात, चिरतात. पारदर्शक नळी पिवळी पडून कडक झाली असेल तर आजच बदला. टाकीला आतून जुनं कोटिंग लावलेलं असेल तर तेही सुटून पापुद्रे कार्बमध्ये येतात.

तिसरं पाणी. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी घेऊन गाडी महिनाभर उभी राहिली की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाला बसतात, आणि कॉक नेमका तळातूनच घेतो. तुमच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती ते घरी बघायचं असेल तर मापाच्या काचेच्या नळीत १०० मिलिलिटर पेट्रोल आणि १० मिलिलिटर पाणी घाला, हलवा, थांबा. खालचा थर १० चा साधारण ३० झाला तर ते वीस टक्क्यांचं. तपासलेलं पेट्रोल पुन्हा टाकीत ओतू नका.

मे महिन्यात दुपारी थांबवलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही.

नांदेड-परभणीच्या ४२-४३ अंशांत उभ्या गाडीच्या इंजिनची धग कार्बवर चढते, बाउलमधलं पेट्रोल उकळू लागतं आणि वाफा घशात भरतात. गाडी त्या वेळी रिच असते. चोक ओढू नका. एक्सलेटर पूर्ण उघडा, दोन-तीन किका मारा, वाफा निघून जातील आणि गाडी सुरू होईल. सावलीत लावा. कार्ब आणि हेडच्या मधला जाड फायबरचा तुकडा कोणी काढून टाकला असेल तर परत बसवा, तो उष्णता अडवण्यासाठीच असतो.

तरी सुरू झाली नाही तर प्लग काढून ठिणगी बघा, पण काढलेला प्लग त्याच्या भोकापासून लांब धरा, तिथून पेट्रोलच्या वाफा येत असतात. गरम झाल्यावर दम सोडणारा कंडेन्सर किंवा कॉइल याच दुपारी उघडे पडतात, आणि शिव्या खातो कार्ब.

आणि थंडीत?

डिसेंबरात परभणीचा पारा एक आकडी झाला की हवा दाट होते. दहा अंशांची हवा बेचाळीस अंशांच्या हवेपेक्षा सुमारे दहा टक्के दाट असते. म्हणून उन्हाळ्यात सेट केलेली गाडी हिवाळ्यात लीन वाटते. इथेनॉलचा लीनपणा त्यात भर घालतो. हवेचा स्क्रू पाव फेरा आत घ्या, सकाळी चोकवर थोडा जास्त वेळ द्या, एवढंच.

म्हैसमाळला किंवा घाटात जायचं तर जेट बदलायचा का?

नाही. संभाजीनगर ते म्हैसमाळ चढ साधारण पाचशे मीटरचा आहे. तेवढ्याने हवा पाच टक्क्यांच्या आसपास विरळ होते, गाडीला जाणवतही नाही. औट्रम घाटात किंवा मांजरसुंब्याला गाडी ओढत नसेल तर क्लच, कॉम्प्रेशन आणि टायमिंग बघा.

फिल्टर काढून टाकला तर गाडी जास्त पळते म्हणतात.

आवाज जास्त करते. मका, तूर, सोयाबीनचं मळणीयंत्र रस्त्याकडेला चालू असताना त्या भुशातून आणि काळ्या मातीच्या धुळीतून उघड्या कार्बची गाडी चालवणं म्हणजे सिलिंडरमध्ये पॉलिश पेपर सोडणं. शिवाय गाडी लीन होते आणि मूळ जेटिंग निरुपयोगी ठरतं. मूळ फिल्टर मूळ डब्यात बसवा. फोमचा असेल तर रॉकेलने धुऊन, सुकवून, फिल्टरचं ऑइल लावून पिळून घ्या. सुगीच्या दिवसांत दर पंधरवड्याला बघा.

टू-स्ट्रोक गाडीची वेगळी काळजी कोणती?

लीन झालेली फोर-स्ट्रोक तक्रार करते, लीन झालेली टू-स्ट्रोक पिस्टन पकडते. म्हणून येझदी, राजदूत, आरएक्स यांना थोडं रिच ठेवणं चांगलं. पूर्ण एक्सलेटरवर किंचित ‘बर्रर्र’ असा भरलेला आवाज असला तर घाबरू नका.

ऑइल जास्त टाकलं की गाडी सुरक्षित, हा समज अर्धाच खरा आहे. पेट्रोलमध्ये ऑइल वाढवलं की त्याच जेटमधून तेवढं कमी पेट्रोल जातं, म्हणजे मिश्रण लीन होतं. गाडीच्या पुस्तकात दिलेलं प्रमाण मापाने टाका, अंदाजाने नाही.

स्लो चढ-उतार करतो, रेस आपोआप चढते आणि कार्बने काही फरक पडत नाही, असं असेल तर मॅग्नेटच्या बाजूचं क्रँक ऑइल सील तपासा. तिथून बाहेरची हवा ओढली जाते. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर उलट, गिअर ऑइल जळतं, पांढरा धूर थांबत नाही आणि गिअर बॉक्समधली पातळी घटत जाते. टू-स्ट्रोकचा कार्ब ट्यून करण्याआधी ही दोन सीलं ठीक आहेत याची खात्री हवीच.

सगळं केलं, तरी स्लो एका जागी राहत नाही.

दोन शक्यता. पहिली, कार्ब आणि हेडच्या मधून हवा शिरतेय. चालू गाडीच्या त्या जोडावर बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारा, प्लग आणि वायरिंग वाचवून. रेस बदलली तर ओ-रिंग, गॅस्केट किंवा वाकलेला फ्लँज (कार्बची जोडाची सपाट कड) हे कारण. फ्लँज वाकतो तो नट गरजेपेक्षा आवळल्यामुळे. काचेवर पॉलिश पेपर ठेवून सपाट करता येतो. गरम इंजिनवर ही परीक्षा पेट्रोलने करू नका.

दुसरी, स्लाइड झिजली. इंजिन बंद असताना स्लाइड बोटाने पुढे-मागे हलवा. खडखडली तर तिच्या बाजूने हवा जातेय आणि स्क्रूने ते भरून निघणार नाही.

नवा कार्ब घ्यावा का?

स्लाइड आणि बॉडी दोन्ही झिजल्या असतील तरच. बाजारातल्या डुप्लिकेट कार्बवर नाव तेच असतं, पण स्लाइड ढिली, जेटवर आकडा एक आणि छिद्र दुसरंच. घेताना स्लाइड हातात घेऊन बॉडीत सोडून बघा: अडकता कामा नये, खडखडता कामा नये. आणि जुना कार्ब भंगारात देऊ नका. त्याचे मूळ जेट, नीडल आणि स्लाइड डब्यात जपून ठेवा, नव्यात तेच घालून चालवता येतात. पंचवीस-तीस वर्षं त्या गाडीबरोबर चाललेला मूळ जेट कुठल्याही नव्या जेटपेक्षा जास्त भरवशाचा आहे, फक्त त्यात कोणी तार घातलेली नसावी.

गाडी दोन-तीन महिने उभी ठेवायची आहे.

कॉक बंद करा आणि कार्बमधलं पेट्रोल संपून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत स्लोवर चालू द्या. बाउलला ड्रेनचा बोल्ट असेल तर उरलेलं काढा. टाकी काठोकाठ भरा, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही आणि गंज धरत नाही. परत काढताना आधी थोडं पेट्रोल बाटलीत सोडून बघा, स्वच्छ दिसलं तरच कार्बची नळी जोडा.